रोज तीन मिनिटं मागे

बुधवार, ता. १४

वन्सं,

नमस्कार. आम्ही दोघं देवाच्या दयेने धडधाकट आहोत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती मी काल दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. चष्म्याचा नंबर वाढला असला तरी पाचव्या रांगेतून माणूस ओळखता येतो.

अक्षरावरून ओळखलं नसेल तर सांगते, मी तुमची वहिनी. सव्वीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज हिशेबाच्या वहीची मागची पानं फाडून लिहायला बसले आहे. पानं फाडताना जीव थोडा खालीवर झाला, पण या वर्षीच्या वहीत पुष्कळ उरणार आहेत.

गेल्या आठवड्यात पोस्टाच्या भिंतीवर तुमचं चित्र पाहिलं. केस पांढरे, मानेपर्यंत कापलेले, हातात गिटार. खाली ब्लूज आणि जॅझचा कार्यक्रम असं छापलेलं, आणि नाव भलतंच. पण हनुवटी मामंजींची. ती हनुवटी मी या घरात पंधरा वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर पाहिली आहे, तिला नाव कशाला लागतं? सभागृहाच्या खिडकीपाशी गेले, तर तिकिटांच्या रांगेत दोन माणसं उभी होती. मी तिसरी उभी राहिले नाही. मला आठवलं की आमच्या शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी त्या सभागृहाचे पडदे शिवलेत आणि त्याबद्दल त्यांना दर कार्यक्रमाचे दोन पास मिळतात. त्या कधी जात नाहीत. काल मी त्यांना नेलं.

काकू सुरुवातीची दहा मिनिटं पडद्याची खालची शिवणच बघत होत्या. "एका बाजूला उसवलीय हो, कुणीतरी खुर्ची ओढलेली दिसते," असं तीनदा म्हणाल्या. मग तुम्ही चौघं आलात. ड्रमवाले हसऱ्या चेहऱ्याचे, हातात झाडणीसारखे तारांचे ब्रश. माणसापेक्षा उंच वाद्य मिठीत घेऊन उभी असलेली ती सडपातळ मुलगी. तुमच्या डाव्या हाताला ते टक्कल पडलेले दुसरे गिटारवाले. आणि तुम्ही खुर्चीवर, पाय किंचित पुढे. त्या पायाने चार वेळा जमिनीवर ठोका दिलात आणि सुरू.

आता मला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. मॅट्रिक झालेली बाई, देवाची भजनं सोडून दुसरं काही ऐकलेलं नाही. पण वन्सं, मला मोजल्याशिवाय करमत नाही. मी पर्समधली जपमाळ काढली आणि मणी ओढायला लागले. तुमच्या पायाचे चार ठोके झाले की एक मणी. बारा मणी झाले की चाल पुन्हा पहिल्या जागी. पुन्हा मोजलं. पुन्हा बारा. तिसऱ्यांदा मी काकूंना आधीच सांगितलं, "आता बघा, इथे वळेल." वळली! काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू वाजवणाऱ्यांत मीच आहे.

मग तुम्ही गायलात. त्या गाण्यातली बाई एकच ओळ दोनदा म्हणते, कुणीतरी आतून दार लावून घेतलं, कुणीतरी आतून दार लावून घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत विचारते की आत आता दिवा कोण लावत असेल. काकूंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "अहो, ही बाई गातेय की कुणाशी भांडतेय?"

"देवाशी," मी म्हटलं.

"मग तेच तेच दोनदा का?"

"पहिल्यांदा त्याचं लक्ष नसतं," मी म्हटलं. हे मला विचार करून सुचलं नाही. मी रोज पहाटे तेच तर करते.

दुसऱ्या प्रकारात, ज्याला तुम्ही जॅझ म्हणता, मोजून माझी दमछाक झाली, पण एक गोष्ट कळली. आधी सगळे मिळून एक सोपी चाल वाजवतात. मग एकेक जण ती घेऊन आपापल्या वाटेने लांब निघून जातो. बाकीचे तोवर घर सांभाळल्यासारखे मागे ठेका धरून असतात, कोणी त्याला ओढून आणत नाही. आणि शेवटी, हाक न मारता, सगळे त्या पहिल्या चालीवर परत. मी तर खुर्चीच्या कडेला सरकले होते, ती उंच वाद्यवाली मुलगी चुकते की काय म्हणून. नाही चुकली. बरोबर दारात आली.

एक तक्रार लिहू का? तुमचे ते टक्कलवाले फार हुशार आहेत यात शंका नाही, बोटं अशी पळतात की डोळ्यांना दिसत नाहीत. पण जिथे चार सुरांत भागलं असतं तिथे ते चाळीस वाजवतात. लोक त्यांनाच जास्त टाळ्या देत होते. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही एकच सूर लावलात. तार बोटाने वर ढकलून त्याला वाकवलंत, थरथरवलंत, आणि मग गप्प राहिलात. पूर्ण एक मणीभर गप्प. सभागृहात कुणी खोकलंही नाही. मग दुसरा सूर. मी मनात म्हटलं, हिला काटकसर येते. एवढ्याशा सामानात एवढं करणारी बाई आमच्या नात्यातली आहे याचा मला गर्व झाला. तो गर्व मी देवापाशी बोलूनही दाखवला, म्हणजे तो लपवलेला नाही.

आणि मग ती संथ चाल. वाजवण्याआधी तुम्ही जे बोललात ते मी शब्दनशब्द घरी येऊन लिहून ठेवलं आहे. तुम्ही म्हणालात, "या चालीची लय आमच्या घरातल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची आहे. मी पंधरा वर्षांची असताना त्या घड्याळासमोर बसून सराव करायची आणि दरवेळी मागे राहायची. रडायची. माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करायला शिकत होता. एक दिवस त्याने लंबकाखालची चक्री फिरवून लंबक खाली उतरवला आणि म्हणाला, आता घड्याळ हळू चालेल, बस. मी बसले आणि खरंच चुकले नाही. पुढे मला कळलं की त्याने घड्याळ दिवसाला तीन मिनिटंच मागे पाडलं होतं. तीन मिनिटांनी दिवसात फरक पडतो, गाण्याला काहीच कळत नाही. पण त्याने सांगितलं म्हणून मला वाजवता आलं."

लोक हसले. मी हसले नाही. वन्सं, त्या घड्याळावर मी सव्वीस वर्षं चडफडते आहे! घड्याळजीचं घर आणि भिंतीवरचं घड्याळ मागे. गिऱ्हाइकं दारातून डोकावून म्हणतात, "घड्याळजी, घरचं कधी टाकताय दुरुस्तीला?" आणि हे म्हणतात, "त्याची तब्येत उत्तम आहे. त्याला घाई नाही, एवढंच." मी दर रविवारी सकाळी चावी देते आणि काटा एकवीस मिनिटं पुढे ढकलते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी स्टुलावर चढून ती चक्री फिरवायला गेले होते. ज्या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही, तो खालून ओरडला, "हात लावू नकोस त्याला!" मला वाटलं, यंत्राची काळजी. काल पाचव्या रांगेत बसून मला कळलं कसली काळजी होती ती. चक्री अजून तिथेच आहे, जिथे त्यांनी तुमच्यासाठी उतरवली होती.

ती चाल तुम्ही वाजवलीत तेव्हा मी मणी ओढले नाहीत. गरज नव्हती. तो ठोका मी झोपेतही ओळखते.

कार्यक्रम संपल्यावर तुम्हाला भेटायला रांग लागली होती. मी थांबणार होते, पण काकूंना घरी जायची घाई होती.

रात्री जेवताना मी यांना सांगितलं, कुठे गेले होते ते. यांनी जेवण संपवलं. ताट स्वच्छ केलं, हात धुतले, पुसले, आणि मग पाठमोरे उभे राहून विचारलं, "मागे राहते का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "जराही नाही."

यांनी मान डोलवली आणि घड्याळाकडे बघत राहिले.

वन्सं, पोस्टरवर लिहिलं आहे की शनिवारी तुमचा शेवटचा कार्यक्रम, आणि सभागृहाचा पहारेकरी काकूंना म्हणाला की सोमवारी सकाळी तुम्ही सगळे निघणार. रविवार मोकळा असेल. चार वाजता घरी या. यांनी बोलावलं आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल, मी बोलावते आहे. पण तुम्ही आलात तर ते काय करतील हे मला माहीत आहे. मामंजींना तेव्हा कसं कळलं, कुणाच्या तोंडून कळलं, ते उकरून काढण्यात आता काही राम नाही. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. मोठी माणसं गेली की त्यांचा रागही जावा.

हे पत्र मी स्वतः तुमच्या उतरायच्या जागी, खालच्या टेबलावर देऊन जाते. पोस्टावर भरवसा आहे, पण दिवस थोडे आहेत.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी


शुक्रवार, ता. १६

वन्सं,

तुमची चिठ्ठी काल दुपारी मिळाली. तुमच्या त्या उंच वाद्यवाल्या मुलीने स्वतः आणून दिली. मी तिला पाणी दिलं आणि तिची बोटं बघितली. बोटांच्या टोकांना तुमच्यासारखेच घट्टे. मला बरं वाटलं.

चिठ्ठीत चारच ओळी. तुम्हाला तिथेही काटकसर येते. "रविवारी चार वाजता येते. वहिनी, तुम्ही ऐकायला आलात, हे वाचून मी दोनदा उठून पुन्हा खुर्चीवर बसले. दादाला सांगा की मी त्याला माफ केलं आहे. पुष्कळ वर्षं झाली, आता मनात काही नाही."

ही तिसरी ओळ मी देवापुढे ठेवली. उत्तर मला आधीच माहीत होतं.

तरी मी निरोप पोचवला. निरोप अडवून ठेवायचा मला अधिकार नाही. संध्याकाळी दुकानात गेले. हे डोळ्याला भिंग लावून एका बाईचं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मी चिठ्ठी वाचून दाखवली. भिंग तसंच ठेवून, वर न बघता म्हणाले, "बरं झालं. माफ केलं म्हणते ना? झालं तर मग."

"कशाबद्दल माफ?" मी विचारलं.

"ज्याबद्दल तिला वाटतंय त्याबद्दल."

"आणि तुम्ही ती माफी घेणार?"

"घ्यायला काय जातंय? माझ्या खिशातून थोडंच जातंय काही."

असे विनोद ते करत नाहीत. तेवढ्यावरून मला कळलं. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून."

मग त्यांनी भिंग काढलं. म्हणाले, "ती माझ्या अंगावर ओरडत होती तेव्हा तू घड्याळाखाली दिवा धरून उभी होतीस. ज्योत नुसती नाचत होती. घरात वारा नव्हता." एवढं बोलून पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता रविवारी तेच नको काढू. पोरगी येतेय, तर येऊ दे." चाळिशी उलटलेल्या, पन्नाशीकडे पोचलेल्या बाईला ते पोरगी म्हणाले. दुकानातली सगळी घड्याळं एकदम सहा वाजले म्हणून ठणठणायला लागली, नाहीतर मी तिथेच रडले असते.

वन्सं, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कुणी सांगितलं ते उकरण्यात राम नाही. मी सांगितलं. तुमच्या दादांनी नाही.

तुम्हाला वाटत होतं की ही गोष्ट तुम्हा दोघांतच आहे. शॉर्टहँडच्या वर्गाला जाते म्हणून मंगळवार-शुक्रवारी दुपारी निघायचं, दुकानात थांबायचं, कोपऱ्यातल्या उंच घड्याळाची आतलं यंत्र काढलेली रिकामी पेटी उघडायची आणि तिथे लपवलेली दुसरी गिटार घेऊन स्टेशनजवळच्या हॉटेलात बँडबरोबर वाजवायला जायचं. घरात वाजवायला मामंजींची ना नव्हती, पण हॉटेलात त्यांनी कधीच जाऊ दिलं नसतं. दादा पेटीला कुलूप लावायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "या घड्याळाचे भाग मिळत नाहीत." पण एक दिवस कुलूप लावायचं राहिलं, आणि मी दुकान झाडायला आले होते. धूळ पुसायला पेटी उघडली. आत लंबकाच्या जागी गिटार. मी तिच्यावरचीही धूळ पुसली, दार लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. दोन महिने बोलले नाही.

मग एका संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. मामंजींनी विचारलं, पोरगी वर्गाला जाते तर तिच्या वहीत एक अक्षर का नाही? देवापुढे उभी राहून मी खोटं कसं बोलणार? म्हणून सांगितलं.

वन्सं, हे वरचं वाक्य मी खोडणार होते, पण राहू देते. तुम्ही बघावं की ते मी किती सफाईने लिहिते. सव्वीस वर्षं मी हे स्वतःला असंच सांगत आले आहे, देवालाही असंच सांगितलं, आणि तो बिचारा ऐकत राहिला.

मामंजींनी विचारलं नव्हतं. वहीचा विषयच निघाला नव्हता. ते खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. मी आपण होऊन गेले आणि म्हणाले, "मामंजी, वन्सं वर्गाला जात नाहीत. दुकानातल्या उंच घड्याळाची पेटी एकदा उघडून बघा." त्यांनी वर बघितलं, हातातला बूट खाली ठेवला, आणि एकच पाय बुटात, तसेच दुकानाकडे निघाले. तेव्हा मला वाटलं, धावत जावं आणि सांगावं की मी चुकून बोलले. मी धावले नाही. मी दिव्यात तेल घातलं.

का सांगितलं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करणार नाही.

लग्न होऊन सहा महिने झाले होते. माहेरी मी गात असे. गावातल्या प्रार्थनेत माझा आवाज पहिला. इथे मला गाता येतं का, असं कुणी विचारलंही नाही. मी रोज संध्याकाळी दिव्यापुढे हळू आवाजात म्हणायची, एवढंच. एकदा मी म्हणत होते आणि पलीकडच्या खोलीतून तुम्ही गिटारीवर माझ्याबरोबर वाजवायला लागलात. हळूच. तुम्हाला आठवत नसेल. इतकं सुंदर जमलं होतं की मी एक कडवं जास्त म्हटलं. ते संपलं तेव्हा मामंजी म्हणाले, "पोरगी वाजवते छान." एवढंच. गाणारीबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. आठवड्याने मी बुटांपाशी जाऊन उभी राहिले.

एवढीशीच गोष्ट. यावरून माणूस एखाद्याचं घर तोडेल असं वाटत नाही. मी तोडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त तुम्ही ज्या दिशेला बघत होता तिकडून. मामंजींनी वाद्यांच्या दुकानदाराला बोलावून दोन्ही गिटारी देऊन टाकल्या. तुम्ही दारात उभ्या राहून ओरडलात, "दादा, तूच! तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?" त्यांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं. मग तोंड मिटलं. सकाळी तुम्ही एक पिशवी घेऊन गेलात, आणि ते त्या दिवसापासून आजवर या विषयावर ब्र काढत नाहीत. मला वाटायचं, त्यांना कळलं नसेल. असं वाटणं मला सोयीचं होतं. काल कळलं की त्यांनी आपली बहीण जाऊ दिली, आणि सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या बायकोचं तोंड झाकलं.

म्हणून तुमची माफी मी त्यांच्या हातात ठेवू देणार नाही. ते घेतील. एक शब्द न बोलता घेतील, तुमच्यासमोर मान खाली घालून उभे राहतील, आणि तुम्ही मोठ्या मनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवाल. मी चहा ओतत ते बघत बसेन? नाही. तेवढं मला जमणार नाही. माफी त्यांनी नाही, तुम्ही त्यांची मागायची आहे, आणि मी तुम्हा दोघांची.

हे मी लिहिलं आहे असं आज सकाळी यांना सांगितलं. ते दाढी करत होते. म्हणाले, "कशाला?"

"तुम्ही गप्प बसलात म्हणून," मी म्हटलं.

"मला सवय झाली होती गं."

"मला नाही झाली," मी म्हटलं. आणि ते आरशात हसले. खरं सांगते, साबणाच्या फेसातून हसले.

आणखी एक खोटं उरलं आहे, तेही काढून टाकते. मंगळवारी काकूंना काहीच घाई नव्हती. त्या उलट म्हणत होत्या, चला, भेटू या, पडद्याची उसवलेली शिवणही त्यांना दाखवू या. मीच त्यांचा हात धरून बाजूच्या दाराने बाहेर पडले. तुमच्या त्या गाण्यातली बाई विचारते ना, आत आता दिवा कोण लावत असेल? मी लावत होते, वन्सं. रोज. ते ऐकल्यावर रांगेत उभी राहायला माझे पाय तयार नव्हते. आता आहेत.

आता रविवारचं.

हे रविवारी मनगटातलं घड्याळ काढून ठेवतात आणि दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चालतात. जेवून झोपतात ते त्याचे चार ठोके पडले की उठतात. दुसऱ्या कशानेही उठत नाहीत. मी दर रविवारी सकाळी काटा पुढे ढकलते हे मागे लिहिलंच आहे. या रविवारी चावी देईन, पण काट्याला हात लावणार नाही.

तुम्ही तुमच्या घड्याळाप्रमाणे बरोबर चारला या. दारावर थाप मारू नका, मी दारामागेच असेन. तेव्हा आमच्या भिंतीवर तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं झालेली असतील आणि हे आतल्या खोलीत झोपलेले असतील. मधली एकवीस मिनिटं माझी आणि तुमची. त्यात तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला. मोठ्याने बोललात तरी चालेल, सांगितलं ना, ते उठत नाहीत. आल्या पावली परत जावंसं वाटलं तर जा, मी दार धरून उभी राहीन आणि त्यांना खरं काय ते सांगेन. पण गेलात तर माझ्यामुळे जा. त्यांच्यामुळे जाऊ नका. ती चूक एकदा झाली तेवढी पुरे.

आणि थांबलात, तर तुमची खुर्ची घड्याळाच्या समोर ठेवली आहे. जिथे तुम्ही पंधराव्या वर्षी बसायचा तिथेच. गिटार आणा. चार ठोके पडायच्या आत ती संथ चाल सुरू करा, आणि ठोक्यांनी जाग येईल तेव्हा त्यांच्या कानावर तीच चाल पडू दे. मी मागे उभी राहीन. मोजायला.

जिने सांगितलं ती,
तुमची वहिनी